लाइट लावलात, पण फ्यूज कुठाय?

ताम्हिणी घाटात जुलैमध्ये रात्री साडेनऊला पाऊस असतो, धुकं असतं आणि मोबाइलला रेंज नसते. हे सगळं आम्हाला माहीत होतं. म्हणून तर दादाने थारवर एलईडी लाइट बार बसवून घेतला होता. जे माहीत नव्हतं ते डॅशबोर्डखालून आलं. आधी वास आला. घरात जुना मिक्सर जळतो तेव्हा येतो ना, तसा. मग दादाच्या गुडघ्यापाशी धुराची एक बारीक रेघ दिसली. मग ती बारीक राहिली नाही.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. त्याने गाडी कडेला घेतली, चावी काढली. धूर चालूच. लाइटचं बटण बंद केलं. तरी चालूच. तुम्हाला काय वाटतं, चावी काढली की गाडीतला सगळा करंट बंद होतो? मलाही तसंच वाटायचं. मागच्या सीटवरच्या दोघी मैत्रिणी पावसात उतरल्या, मी मोबाइलचा टॉर्च धरला, दादाने बॉनेट उघडलं. बॅटरीचं टर्मिनल सोडवायला दहाचा पाना लागतो. आमच्याकडे चिवड्याचे तीन पुडे होते, पाना नव्हता. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली एक पातळ लाल वायर मऊ पडली होती आणि तिच्यावरचं प्लॅस्टिक फोड आल्यासारखं फुगलं होतं. दादाने रेनकोटची बाही हाताला गुंडाळली आणि वायर हिसडली. ती लगेच हातात आली. कारण तिथे धड जॉइंट नव्हताच, नुसता पीळ देऊन काळी टेप मारलेली. म्हणजे बघा, वाईट कामामुळे गाडी पेटायला आली होती आणि त्याहून वाईट कामामुळे ती वाचली.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण म्हणजे तुमच्या ग्रुपमध्येही असा एक दादा असणारच. सेकंडहँड थार, जुनी जीप, जिप्सी, नाहीतर बाबांची बोलेरो. पावसाळा आला की त्याला गाडीवर काहीतरी ‘टाकायचं’ असतं. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात फोटोजेनिक गोष्ट म्हणजे लाइट. बार येतो, दोन गोल लाइट येतात, डॅशबोर्डवर विमानात असतात तशी बटणांची रांग येते. ती रांग दिसते. तिच्या मागे काय आहे ते कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. उलट मी त्या बारची रील केली होती. अंधारात बटण दाबतानाचा क्लोजअप, मग समोरचं झाड पांढरंफटक. लाइक्स चांगले आले होते.

ती रील मी डिलीट केली ती आगीमुळे नाही. त्याच रात्री, घाटाच्या बऱ्याच आधी, पौडच्या पुढे समोरून एक बाइकवाला आला. दादाचा बार चालू होता. बाइकवाल्याने डोळ्यांवर हात धरला, बाइक डांबरावरून खाली खडीत गेली, लडबडली, कशीबशी सावरली. आम्ही पुढच्या टपरीवर चहाला थांबलो तर तो मागे वळून आला. पन्नाशीचा माणूस, मागे बायको बसलेली, दोघंही चिंब. तो ओरडलाही नाही. ‘तुम्हाला दिसलं, पण आम्हाला काहीच दिसलं नाही हो,’ एवढंच म्हणाला. दादा सॉरी म्हणाला. मी चहाच्या ग्लासात बघत बसले.

बारा व्होल्टला कोण घाबरतं?

घरातल्या सॉकेटला आपण घाबरतो. लहानपणापासून तसं शिकवलेलं असतं. गाडीच्या बॅटरीला कुणी घाबरत नाही, कारण बारा व्होल्टचा शॉक बसत नाही. कोरड्या हाताने दोन्ही टर्मिनल धरली तरी काही जाणवत नाही. इथेच गफलत होते.

अकरावीची फिजिक्स आठवा. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. १२० वॉटचं काही घरात २३० व्होल्टवर लावलं तर वायरीतून साधारण अर्धा अँपिअर जातो. तेच १२० वॉट गाडीत बारा व्होल्टवर हवे असतील तर १० अँपिअर लागतात. जवळजवळ १९ पट. आणि वायर तापते ती अँपिअरमुळे, तीही त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून घरचा टेबल फॅन ज्या वायरीवर निवांत चालतो ती वायर गाडीत चालेलच असं नाही.

हे झालं सगळं नीट असताना. शॉर्ट झालं तर गोष्टच वेगळी. स्टार्टर फिरवताना गाडीची बॅटरी काही सेकंद शेकडो अँपिअर देते, ती त्यासाठीच बनवलेली असते. प्लसची वायर सोलून बॉडीच्या पत्र्याला टेकली की बॅटरीला कळत नाही की हा स्टार्टर नाही. ती जेवढं देता येईल तेवढं देते. घरात अशा वेळी एमसीबी पडतो. गाडीत ते काम फ्यूजचं. आणि दादाच्या लाइट बारला फ्यूज नव्हता.

ज्या दुकानात काम केलं होतं तिथे दादाने नंतर फोन केला. ‘एलईडीला फ्यूज लागत नाही’ असं उत्तर मिळालं. दुकानाचं नाव लिहीत नाही. पण हे वाक्य लक्षात ठेवा, कुणी तुम्हाला ऐकवलं तर गाडी तिथून काढा. फ्यूज लाइटसाठी नसतोच मुळी. फ्यूज वायरीसाठी असतो.

नाना पेठेतला रविवार

पुण्यात गाडीचा पार्ट हवा असेल तर नाना पेठ. तिथल्या एका बोळात एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत. त्यांचं नाव छापायला त्यांनीच नको म्हटलं. (‘पेपरात आलं की लोक फुकट सल्ला विचारायला येतात.’) दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेली वायरींची रंगीत भेंडोळी. दादा गाडी घेऊन गेला तेव्हा मीही मागे लागले. इंटर्नशिपला स्टोरी हवी होती, खोटं कशाला बोलू.

काकांनी टेस्ट लॅम्प काढला नाही की मीटर काढला नाही. आधी त्यांनी जळालेल्या वायरीचं बोट धरून चालायला सुरुवात केली. बॅटरीपासून इंजिनच्या कडेने, मग इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून आत, मग बटणापर्यंत. पत्र्याजवळ ते थांबले. तिथे ड्रिलने भोक पाडलेलं होतं आणि वायर त्यातून तशीच नेलेली. पत्र्याची कड ब्लेडसारखी. गाडी खड्ड्यातून उडते, वायर घासते, महिना-दोन महिन्यांत वरचं प्लॅस्टिक संपतं.

‘इथे दोन रुपयांचं रबर पाहिजे होतं,’ काका म्हणाले. त्या रबराला ग्रोमेट म्हणतात. भोकात बसवायचं आणि मग वायर त्यातून न्यायची.

आता कोडं सुटलं. वायर बॅटरीला थेट जोडलेली होती, म्हणून चावी काढून उपयोग नव्हता. शॉर्ट बटणाच्या आधी झालं होतं, म्हणून बटण बंद करूनही उपयोग नव्हता. फ्यूज असता तर क्षणात उडाला असता, लाइट गेला असता, आम्ही वैतागलो असतो आणि घरी आलो असतो. फ्यूज कुठे लावायचा हेही काकांनी दाखवलं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. लाइटजवळ लावला तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर बेवारस राहते.

फ्यूज केवढा, यावरून दादाने बोलणी खाल्ली. ‘काका, ३० चा टाका ना, सारखा उडायला नको,’ असं तो बोलून गेला. काकांनी ड्रॉवरमधून एक जुनी फ्यूज काढून दाखवली, तिच्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला. कुठल्याशा गाडीतून निघालेली. ‘ज्याने हे केलं त्याचाही फ्यूज सारखा उडायचा,’ काका म्हणाले, ‘मग नाही उडाला. मग वायरिंग बदललं सगळं.’

हिशोब सोपा आहे. लाइट किती अँपिअर खातो ते आधी बघायचं. फ्यूज त्याच्यापेक्षा थोडा वरचा. आणि वायर त्या फ्यूजपेक्षा जास्त करंट आरामात वाहू शकेल अशी. गाडीतल्या चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. एकदा पाठ केले की अंधारातही कळतं कुणी काय उद्योग करून ठेवलाय.

गंमत म्हणजे बार किती खातो हेही दादाला ठाऊक नव्हतं. खोक्यावर लिहिलेलं, १८० वॉट. काकांनी बार बॅटरीला लावून क्लॅम्प मीटर अडकवला. साडेपाच अँपिअर. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तरी ७६ वॉट. खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पैसे १८० चे दिले होते ना.

शेतातला स्टार्टर आणि गाडीतला रिले

तुमच्यापैकी ज्यांच्या गावी शेती आहे त्यांना विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर माहीत असेल. हिरवं बटण दाबलं की आत खट्‌कन आवाज होतो आणि मोटर सुरू होते. मोटरचा सगळा करंट त्या हिरव्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला जागं करतं, कॉइल लोखंडी तुकडा ओढून घेते आणि मोठे काँटॅक्ट जुळतात. गाडीतला रिले म्हणजे हाच स्टार्टर, काडेपेटीपेक्षाही छोटा.

रिलेच्या पोटाखाली चार पिना असतात, त्यांच्यावर नंबर असतात आणि ते नंबर बघून इंजिनिअरिंगची मुलंही दचकतात. ३०, ८५, ८६, ८७. हे जर्मन मानकातून आलेत आणि जगभर बहुतेक सगळीकडे तेच चालतात. काकांनी मला ते असे शिकवले. ३० ला बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून. ८७ वरून लाइटला. ८६ ला बटणाकडून आलेली बारीक वायर. ८५ ला अर्थ. बस. कॉइल अँपिअरचा पाचवा भागसुद्धा खात नाही, त्यामुळे बटणापर्यंत जाणारी वायर बारीक चालते, बटण तापत नाही आणि जाड वायर केबिनमध्ये आणायलाच लागत नाही. ती बॉनेटखालीच संपते.

कधी पाच पिनांचा रिले हातात येतो. मधली पाचवी पिन ८७ए. ती उलटी, म्हणजे रिले बंद असताना चालू. लाइट चुकून तिथे लागला तर बटण बंद केल्यावर लाइट लागतो. हे मी स्वतः करून बघितलं आहे. मुद्दाम नाही.

बटणाला करंट कुठून द्यायचा, इथे खरी अक्कल आहे आणि इथेच बहुतेक जण बॅटरीवरून थेट ओढून मोकळे होतात. बॅटरीवरून घेतला तर गाडी बंद करून तुम्ही तंबूत झोपलात आणि लाइट राहिला तर सकाळी धक्का मारायचा. ६० अँपिअर-अवरची बॅटरी आणि १० अँपिअरचा लोड, कागदावर सहा तास. प्रत्यक्षात स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. त्यापेक्षा चावी ऑन असताना येणाऱ्या करंटवरून घ्या. फॉग लॅम्प असतील तर पार्किंग लाइटच्या वायरीवरून घ्या, म्हणजे पार्किंग बंद की तेही बंद. आणि लांबचे लाइट असतील तर हाय बीमवरून. मग समोर कुणी आलं आणि तुम्ही डिपर मारलात की जास्तीचे लाइटही आपोआप बंद होतात.

हे शेवटचं ऐकल्यावर दादा काही बोलला नाही. मला कळलं त्याला कोण आठवलं ते.

एक इशारा. हे सगळं दादाच्या २०१६ च्या थारबद्दल चाललंय. २०२० नंतरची थार किंवा कुठलीही नवी एसयूव्ही घ्या, तिच्यात लाइटचा कारभार कॉम्प्युटर बघतो. मधेच वायर सोलून जोडली तर डॅशबोर्डवर एरर येतात, कधी त्याहून महाग काही होतं, वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच. तिथे फ्यूज बॉक्समध्ये बसणारा फ्यूज टॅप मिळतो, तो वापरतात. आणि खरं सांगायचं तर तिथे स्वतः हात घालू नका.

अर्थ लागतो का अर्थ?

हा काकांचा आवडता विनोद. दिवसातून चारदा करतात.

गाडीत लाइटला जाणारी वायर प्लसची. परत येणारा रस्ता म्हणजे गाडीची बॉडीच. लाइटचा मायनस बॉडीला जोडला की झालं, असं सगळे मानतात. पण बॉडीवर पेंट असतो, खाली गंज असतो, पावसाळ्यात चिखल असतो. दादाच्या बारचा अर्थ एका पेंट केलेल्या ब्रॅकेटच्या बोल्टला आवळलेला होता. म्हणून तो अधूनमधून फडफडायचा आणि दादाला वाटायचं बारच डुप्लिकेट आहे. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, थिंबल आवळायचं, वरून ग्रीस लावायचं. दहा मिनिटांचं काम. मी नखं तोडून घेतली त्यात, पण केलं.

वायर पातळ असली की आणखी एक नुकसान होतं आणि त्यात आग वगैरे काही लागत नाही, त्यामुळे ते कुणाला कळतही नाही. समजा १० अँपिअरचा लोड आहे आणि जाऊन-येऊन आठ मीटर वायर. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर जवळपास १.४ व्होल्ट वायरीतच जिरतात. अडीचची घेतली तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास. हॅलोजन बल्ब याबाबतीत फार नाजूक. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्के पडतो. बरेच जण ‘कंपनीचे हेडलाइट डल आहेत’ म्हणून वरून बार लावतात, तेव्हा बिचाऱ्या हेडलाइटला धड व्होल्टेजच पोचत नसतं. आधी ते मोजा. काकांच्या मते जुन्या गाड्यांच्या निम्म्या गिऱ्हाइकांना नवा लाइट लागतच नाही, रिले आणि चांगली वायर लागते. पण तसं सांगितलं की गिऱ्हाईक नाराज होतं. त्याला बटण हवं असतं.

धुक्यात टपावरचा लाइट

दादाने बार घेतला तो धुक्यासाठी. आणि धुक्यातच तो सगळ्यात निरुपयोगी निघाला. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. प्रकाश त्यांच्यावर आपटून सगळीकडे उधळतो. लाइट तुमच्या डोळ्यांच्या रेषेत, काचेच्या वर असेल तर तो उधळलेला प्रकाश सरळ तुमच्याकडेच परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. घाटात आम्ही बार लावला तेव्हा बॉनेटच्या पुढचं काही दिसेना, बंद केला तेव्हा निदान रस्त्याची कड दिसली. फॉग लॅम्प बंपरवर खाली, रुंद पसरणारे आणि वर कापलेल्या उजेडाचे का असतात, याचं उत्तर यात आहे. रंग पिवळा की पांढरा यावर मुलं तासन्‌तास भांडतात. लाइटची उंची आणि बीमचा आकार यांना जास्त महत्त्व आहे, असं माझं मत झालं.

आणि कायदा? केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला बंदीच आहे, नोंदणी अधिकाऱ्याने खास परवानगी दिली तरच अपवाद. समोरच्याचे डोळे दिपतील असा दिवा नको, पुढे लाल दिवा नको, हेही नियमांत आहे. मूळ गाडीत परस्पर बदल करता येत नाहीत हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येणार नाही असं बजावलंय. फॉग लॅम्पला मात्र नियमांत जागा आहे. ‘सगळेच लावतात’ हे पोलिसांना सांगून बघा हवं तर. इन्शुरन्सवाल्यांना सांगितलंच पाहिजे. न कळवता केलेल्या वायरिंगमुळे गाडी जळाली तर क्लेम मागताना काय तोंड देणार?

माझी एक मैत्रीण मेकॅनिकलला आहे आणि कॉलेजच्या ‘बाहा’च्या टीममध्ये आहे. बाहा एसएईइंडिया, २००७ पासून मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला होते, मुलं स्वतः बनवलेली एक सीटची ऑल-टेरेन गाडी पळवतात. तिला ही कथा सांगितली तर ती म्हणाली, आमच्या गाडीवर मिरवायला एकही लाइट नाही, पण किल स्विच दोन आहेत. एक ड्रायव्हरच्या हाताशी आणि एक बाहेरून, म्हणजे ड्रायव्हर अडकला तर बाहेरचा माणूस सगळं बंद करू शकेल. आणि किल स्विच दाबला तरी ब्रेक लाइट चालूच राहिला पाहिजे. तपासणीत हे नसेल तर गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. आमच्या गाडीत चार माणसं होती आणि बंद करायला रेनकोटची बाही.

माझं पहिलं क्रिंपिंग

शेवटी दादाने बार उतरवला. त्याऐवजी बंपरवर ५५ वॉटचे दोन फॉग लॅम्प. काकांनी अट घातली की वायरिंग आम्ही करायचं आणि ते बाकड्यावर बसून बघणार. मजुरी कमी घेतो म्हणाले. घेतली नाही कमी, पण असो.

पहिलं काम बॅटरीचा मायनस सोडायचा. प्लस नाही, मायनस. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तिथेच दिवाळी. लावताना उलटं, मायनस शेवटी.

मग जॉइंट. पीळ देऊन टेप मारणं बाद, कारण इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो आणि टेप सुटते. सोल्डर करावं का, मी विचारलं. यूट्यूबवर बघितलेलं. काका म्हणाले घरी ठीक आहे, हादरणाऱ्या गाडीत सोल्डरच्या टोकाशी वायर ताठ होते आणि तिथेच तुटते. थिंबल, क्रिंपिंगची पक्कड, वरून हीट श्रिंक स्लीव्ह. माझं पहिलं थिंबल मी फार अभिमानाने दाबलं. ‘ओढ,’ काका म्हणाले. ओढलं. हातात आलं. दुसरंही आलं. तिसऱ्याला मी पायाने बाकडं रोखून ओढलं तरी नाही आलं. काका म्हणाले, ‘आता पुढचं घे पोरी,’ आणि चहा मागवला.

अडीच चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ चा निळा फ्यूज, रिले पिना खाली करून उभा बसवलेला म्हणजे पाणी साचणार नाही. सगळ्या वायरी नळीत घालून, सायलेन्सरच्या पाइपपासून आणि स्टीअरिंगच्या दांड्यापासून लांब. लाइटमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली एक झोका दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न जाता त्या झोक्यावरून गळून पडेल. ही साधी गोष्ट मला फार आवडली, का कुणास ठाऊक. बटणाची बारीक वायर आत नेताना त्या जुन्या भोकात ग्रोमेट बसवलं. उजेडाचं बटण तीन पिनांचं होतं, एक आत येणारी, एक बाहेर जाणारी आणि एक बटणातल्या छोट्या दिव्याचा अर्थ. शेवटच्या दोन मी उलट्या लावल्या. बटण दाबलं, टक्‌, फ्यूज उडाला. तेवढ्या सर्किटचा छोटा, दीडशे पानांच्या वहीहून स्वस्त फ्यूज. काकांनी नुसता ड्रॉवर उघडून दुसरा दिला. घाटातली रात्र आणि हा दुपारचा ‘टक्‌’, फरक एवढाच.

मग मीटर. साडेनऊ अँपिअर. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, लाइटपाशी १३.६. काकांनी मान डोलावली. एवढंच. दुकान सोडताना त्यांनी दादाला गाडीत दहाचा पाना, चार सुटे फ्यूज आणि छोटं फायर एक्स्टिंग्विशर ठेवायला लावलं.

ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा ताम्हिणीला गेलो. समोरून गाडी आली की दादा डिपर मारायचा आणि माझ्याकडे बघायचा, जणू मी मार्क देणार होते.

लाइट बारचं काय झालं? तो मामाने नेला. गावी गोठ्यात ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर लावलाय. परवा रात्री म्हैस व्यायली तेव्हाचा व्हिडिओ मामीने फॅमिली ग्रुपवर टाकला, रेडकू अगदी दिवसाउजेडी दिसावं तसं दिसत होतं. मी व्हिडिओ थांबवून कोपऱ्यात झूम केलं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर, १० चा, लाल.